राजाला दिलेलं कपाट : आहेर, नजराणा की खंडणी?

मेघना_उप्साला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज प्रश्न घेऊन आले.

मी स्वीडनमध्ये उप्सालाला राहते. आई सांगलीहून दोन महिन्यांसाठी आली आहे. तिला घेऊन गुस्ताव्हिआनुमला गेले होते. विद्यापीठाची चारशे वर्षांपूर्वीची इमारत, दुरुस्तीसाठी बरीच वर्षं बंद होती, २०२४ मध्ये पुन्हा उघडली. तिथल्या एका कपाटापुढे आम्ही दोघी तासभर उभ्या होतो.

माणसाहून उंच, काळंभोर. दाराआड दारं, त्यांच्याआड खण. मधूनमधून रंगीत दगडांच्या पाट्या आणि त्यांवर चित्रं. एका ठिकाणी तांबड्या समुद्राचा प्रसंग अकीकाच्या दगडावर काढला आहे, आणि दगडाच्या अंगच्याच रेषा चित्रकाराने लाटा म्हणून वापरल्या आहेत. आत आपोआप वाजणारं तारांचं वाद्य. खेळ, औषधांचं सामान, शृंगाराचं सामान, शिंपले, खडे, सगळं मिळून हजाराच्या आसपास वस्तू. आणि सगळ्यात वर प्रवाळ-शिंपल्यांचा डोंगर आणि त्यावर चांदीत मढवलेला अर्धा नारळ. तो बघून आई म्हणाली, "अगं, हा तर दर्याई नारळ! आमच्या आजीकडे याचा तुकडा होता, सहाणेवर उगाळून द्यायची." मी थक्क.

हे कपाट जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहराच्या नगरसभेने स्वीडनचा राजा गुस्ताव्ह आडोल्फ याला १६३२ च्या एप्रिलमध्ये भेट दिलं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट सत्तांमधलं तीस वर्षांचं युद्ध चालू होतं, राजा फौजेसह शहरात शिरला होता. पुढे सातच महिन्यांत तो ल्युट्झनच्या लढाईत पडला, वय ३७. कपाट स्वीडनला आलं ते त्याच्या मागे. १६९४ मध्ये अकराव्या कार्ल राजाने ते विद्यापीठाला दिलं.

आता प्रश्न. याच गावात विद्यापीठाच्या ग्रंथालयात 'चांदीचं बायबल' आहे. जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईत लिहिलेलं. ते १६४८ मध्ये स्वीडिश फौजेने प्रागहून लुटून आणलं. म्हणजे एक लूट आणि एक भेट, दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. पण फौज दाराशी उभी असताना दिलेल्या भेटीला भेट म्हणायचं का? आपल्याकडे आहेर, नजराणा, पेशकश, खंडणी असे वेगवेगळे शब्द आहेत. यातला कोणता लावाल?

आणि तुमच्या घरी, माहितीत अशी जुनी कपाटं असतील तर त्यांच्याबद्दलही लिहा.

कुंदाताई

वाचनखूण साठवली. फोटो टाक गं.

मेघना_उप्साला

@कुंदाताई, काचेवर उजेड पडतो आणि फोटोत काळं लाकूड म्हणजे नुसता अंधार दिसतो. नारळाचा त्यातल्या त्यात बरा आलाय, तो संध्याकाळी टाकते.

गनीमी

खंडणी. सरळ खंडणी.

ती फौज १६३२ मध्ये बव्हेरियात काय करत होती ते बघा. आउग्सबुर्गनंतर महिन्याभरात ती म्युनिकला गेली आणि शहर जाळू नये म्हणून तीन लाख थालर (तिकडची चांदीची नाणी) मागितले. पुरते भरता आले नाहीत तेव्हा ओलीस धरून नेले. त्याला त्या काळी 'काँट्रिब्युशन' म्हणत. महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरतेच्या सुभेदाराकडे आणि सावकारांकडे आधी रक्कमच मागितली होती, हे आपण शाळेत शिकलोय. लढाया खर्चाने चालतात आणि खर्च शत्रूच्या मुलखाने भरायचा, हा हिशेब तिकडेही तोच आणि इकडेही तोच. त्यात एक कपाट दिलं म्हणून तो आहेर होत नाही.

आउग्सबुर्गकर

गनीमी, तुमच्या म्युनिकच्या माहितीशी सहमत, निष्कर्षाशी अजिबात नाही. मी सात वर्षं याच शहरात राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

इथे ८ ऑगस्टला सार्वजनिक सुट्टी असते, आणि ती फक्त या एका शहराला! बाकी सगळी जर्मनी त्या दिवशी कामावर. कारण असं की ८ ऑगस्ट १६२९ रोजी कॅथलिक बादशहाच्या हुकुमाने इथल्या ल्युथरपंथीयांची (म्हणजे प्रोटेस्टंटांची) उपासना बंद झाली, धर्मोपदेशकांना काढून टाकलं. शहरातली बहुसंख्या त्यांची, पण सत्ता आणि प्रार्थनाघरं हातातून गेली. तीन वर्षांनी त्यांच्याच पंथाचा गुस्ताव्ह आडोल्फ आला, त्याने त्यांची नगरसभा पुन्हा बसवली. ज्या नगरसेवकांनी कपाट दिलं ते हेच. त्यांच्या दृष्टीने हा माणूस तारणहार होता. प्रार्थनाघरांवाचून तीन हिवाळे काढलेल्या माणसांच्या कृतज्ञतेला खंडणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हेही खरं की राजाने शहराकडून स्वीडनच्या तख्ताशी इमान राखण्याची शपथ घेतली आणि फौजेचा खर्च शहराच्या डोक्यावर बसला. १६३५ मध्ये शहर पुन्हा बादशहाच्या हाती गेलं. म्हणजे जी गोष्ट मिळाली म्हणून भेट दिली, ती तीन वर्षंच टिकली. कपाट मात्र तोवर स्वीडनला पोचलं होतं. पुढे तह झाल्यावर १६५० पासून लोकांनी ८ ऑगस्ट हा शांततेचा सण म्हणून पाळायला सुरुवात केली.

अजून एक. हे कपाट राजासाठी बनवलेलंच नव्हतं. फिलिप हाइनहोफर नावाचा इथला व्यापारी, कलावस्तूंचा मोठा जाणकार. त्याने १६२५ ते १६३१ या काळात कारागिरांकडून ते करवून घेतलं, गिऱ्हाईक ठरलेलं नसताना. युद्धाच्या दिवसांत एवढी महाग वस्तू घेणार कोण? नगरसभेने ती विकत घेतली आणि राजाला दिली. हाइनहोफरने स्वतः राजाला खण उघडून दाखवले. राजाला भेट मिळाली, नगरसभेचा मान राहिला आणि व्यापाऱ्याचे अडकलेले पैसे सुटले.

गनीमी

@आउग्सबुर्गकर, ८ ऑगस्टचं माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण पैसे नगरसभेचे म्हणजे करदात्यांचे ना? त्यात कॅथलिकही होते. त्यांना कोणी विचारलं?

आउग्सबुर्गकर

नाही विचारलं. हा मुद्दा मान्य.

रंधा_पटाशी

मी सुतारकामातला माणूस, आमची तिसरी पिढी. मला कपाट दिसतंय, राजा नंतर.

मेघनाताई, ते कपाट आख्खं आबनुसाचं (एबनी, काळं कठीण लाकूड) नसणार. सांगाडा ओकचा असेल आणि वरून आबनुसाचा पातळ पत्रा चिकटवलेला. आबनूस तेव्हा समुद्रापलीकडून यायचा आणि वजनावर विकला जायचा. शिवाय भरीव आबनूस इतका ठिसूळ आणि जड की एवढ्या मोठ्या कामात तडकतो. त्या शहरात फसवणूक इतकी चालायची (नाशपातीचं लाकूड काळं रंगवून आबनूस म्हणून खपवायचे) की १६२५ पासून खऱ्या आबनुसाच्या कामावर शहराचा ठसा मारायला लागले : 'एबेन' ही अक्षरं आणि शहराचं चिन्ह असलेलं पाइनच्या झाडाचं बोंड. सोन्यावरच्या हॉलमार्कसारखंच.

आबनूस आपल्याला परका नाही. ज्याच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी आबनुसाची सख्खी चुलत बहीण. जुन्या टेंभुर्णीचा गाभा कापून बघा, मध्ये काळी धार दिसते.

आता घरचं. आजोबांनी एका वकिलांसाठी केलेलं शिसवी कपाट त्यांच्या नातवांनी आम्हाला परत दिलं, ठेवायला जागा नाही म्हणून. माझ्या गैरहजेरीत धाकट्या भावाने ते एका पॉलिशवाल्याकडे दिलं. त्याने मशीन फिरवून नव्वद वर्षांचा रंग तासून काढला आणि वर चकचकीत प्लॅस्टिकसारखा थर मारला. मी आलो आणि कपाटापुढे मटकन बसलो. महिरपीच्या कडा बोथट झाल्या होत्या. चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाचा बोळा करून, हलक्या हाताने पंचवीस-तीस वेळा फिरवायचा असतो. तो थर पुढे कधीही स्पिरिटने उतरवता येतो. हा नवा थर उतरवायचा तर लाकूड खरवडावं लागतं. ज्यांच्याकडे जुनं शिसवी असेल त्यांनी हात जोडून विनंती : मशीन लावू देऊ नका. पावसाळ्यात खण अडकला तरी रंधा मारू नका, मेणबत्ती घासा आणि दिवाळीपर्यंत थांबा.

कुंदाताई

रंधा_पटाशी, दिवाळीपर्यंत थांबा हे सोन्याच्या अक्षरांत लिहायला हवं. आमच्याकडे जुलैत रंधा मारला, जानेवारीत तोच खण वाऱ्याने आपोआप उघडायचा. घरात भूत आहे असं नातवंडं सांगत सुटली.

मालवणी_वारो

मेघना, तुझ्या आईक माझो नमस्कार सांग. तेणी बरोबर वळखल्यान.

दर्याई नारळ, काही जण जहरी नारळ म्हणतात, कारण विषावर उतारा म्हणून त्याची ख्याती. युरोपातले राजे त्यासाठीच त्याच्यामागे लागलेले : जेवणात विष घालतील ही भीती. फकिरांच्या हातात काळी होडीसारखी किश्ती असते ना, ती याच नारळाच्या अर्ध्या करवंटीची.

गंमत अशी की शेकडो वर्षं हे झाड कोणाला ठाऊकच नव्हतं. नारळ मालदीवच्या किनाऱ्याला लागायचा, म्हणून झाडाच्या शास्त्रीय नावात मालदीव येऊन बसलं. पण तो उगवतो सेशेल्समध्ये, तिथल्या प्रालँ आणि क्युरियूज या दोन बेटांवर, आणि हे कळलं १७६८ मध्ये. ताजा नारळ इतका जड की बुडतो. आतला गर कुजून पोकळ झाला की तरंगतो. म्हणून जो हाती लागे तो कधी रुजत नसे, आणि लोकांना वाटे की झाड समुद्राच्या तळाशी असणार. वनस्पतींच्या जगातलं सगळ्यात जड बी हेच.

आता आपल्याकडचा दुवा. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा. औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला, त्यात या मालदीवच्या नारळावर लिहिलंय. त्याने ऐकलेली हकिकत अशी की एके काळी तिथे सलग जमीन होती, ती बुडाली आणि झाडं तळाशी राहिली. कपाट होण्याच्या साठ-सत्तर वर्षं आधी ही माहिती गोव्याच्या छापखान्यातून तिकडे पोचली होती. म्हणजे कपाटाच्या डोक्यावरचा नारळ तिकडच्या माणसांसाठी जेवढा अद्भुत होता, तेवढा तुझ्या पणजीसाठी नव्हता. तिच्याकडे तो सहाणेशेजारी होता.

पणजेकार

गोव्याचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. आमच्याकडच्या जुन्या घरांत 'कोंतादोर' असतो : भरपूर खणांचं कपाट, नक्षीदार पायांवर उभं. काहींचे पाय नागकन्येच्या आकाराचे असतात. खण बाहेरून बारा दिसतात, पण ओढलं की तीन दर्शनी फळ्या एकाच खणाच्या निघतात. शोभेसाठी चौकोन सारखे दिसायला हवेत आणि सोयीसाठी खण मोठा हवा. दोन्ही साधलं. हस्तिदंताचं जडावकाम गोव्याच्या बाजूच्या कारागिरांचं, आकार युरोपचा, आणि ही कपाटं पोर्तुगालच्या बड्या घरांत भेट म्हणून जात.

अशा कपाटांत ठेवायला 'गोव्याचा खडा'ही जायचा. जेझुइट मिशनऱ्यांनी गोव्यात तयार केलेली औषधी गोळी, सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवायची, खरवडून घ्यायची, तीही विषावर उतारा म्हणून. राजांना विषाची एवढी धास्ती होती की डबी औषधापेक्षा महाग.

गोदाकाठ_नांदेड

गनीमींनी करदात्यांचा प्रश्न विचारला, तिथे माझं घर आहे म्हणून लिहितो.

हैदराबादला पुरानी हवेलीत निजामाचं संग्रहालय आहे, २००० मध्ये उघडलं. त्यातला मोठा भाग म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांना गादीवर बसल्याच्या रौप्यमहोत्सवाला आलेल्या भेटी. १९११ ला गादी, म्हणजे पंचवीस वर्षं १९३६ ला. पण त्या जानेवारीत इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज वारला म्हणून समारंभ फेब्रुवारी १९३७ मध्ये झाला. चांदीच्या इमारतींच्या प्रतिकृती, अत्तरदाण्या, हिरे जडवलेला सोन्याचा डबा, समारंभासाठी केलेलं सोनेरी मुलाम्याचं लाकडी सिंहासन. २०१८ मध्ये तो डबा आणि पेला-बशी चोरीला गेली होती, पोलिसांनी काही दिवसांत परत मिळवली.

तिथेच सहाव्या निजामांचं कपड्यांचं कपाट आहे. १७६ फूट लांब, दोन मजली, बर्मा सागवानाचं, वर जायला हाताने फिरवायची लिफ्ट. ते भेट आलेलं नाही, पण रंधा_पटाशींनी एकदा बघाच.

त्या राज्यात आमचे पाच मराठी जिल्हे होते : औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद. दरबारात जायचं तर 'नजर' द्यावी लागे, एक अशर्फी आणि चार रुपये अशी रीत. उत्सव जवळ आला की ती खालच्या पायरीपर्यंत झिरपे. माझे आजोबा गावचे पाटील. ते सांगत, "देणाऱ्याला हात मागं घ्यायची मुभा असली तर ती भेट, नसली तर वसुली." आम्ही पुरानी हवेलीत गेलो तेव्हा ऐंशीच्या पुढचे होते. चांदीच्या एका प्रतिकृतीपुढे थांबले आणि एवढंच म्हणाले, "यात आपलाही एखादा रुपया असंल."

मला कारागिरी आवडली. खोटं कशाला बोलू, डोळे दिपले. पण तो रुपया मला अजून दिसतो.

गनीमी

गोदाकाठ, आजोबांच्या व्याख्येपुढे माझं काही चालत नाही. मी माझा शब्द मागे घेतो. हीच कसोटी आउग्सबुर्गला लावू : त्यांना हात मागे घेता आला असता का?

सदाशिव_४११०३०

राजाचा वर्धापनदिन म्हटलं की पुणेकराला एकच तारीख आठवते, २२ जून १८९७. राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत रोषणाई आणि मेजवानी. शहर प्लेगने आणि घरझडतीने गांजलेलं. त्या रात्री परतताना चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तोही दिवस लोकांच्या डोक्यावर लादलेला उत्सवच होता. ती वास्तू आज आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, तिथून जाताना मी दर वेळी थांबतो.

स्वराली

सगळे गंभीर झाले म्हणून सांगते : पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला आमच्या ह्यांनी मला जुन्या बाजारातून नक्षीदार कपाट आणलं. तीन वर्षांनी पुसताना चोरखण सापडला. आत आधीच्या मालकीणबाईंची वाणसामानाची यादी, गूळ आणि हिंगासकट. मी ती तशीच ठेवली आहे आणि शेजारी माझी एक ठेवली आहे.

रंधा_पटाशी

@स्वराली, हे वाचून फार बरं वाटलं. चोरखणात सोनं सापडल्याचं दहा जण सांगतात, यादी सापडलेली पहिल्यांदाच ऐकली.

रायगडवाट

उलटी बाजूही बघा. जून १६७४ मध्ये राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडेन रायगडावर आला तो नजराणा घेऊन. पण सोबत तहाची कलमंही होती. व्यापाराच्या सवलती आणि राजापूरच्या वखारीची भरपाई, हे बोलणं चालू होतं. म्हणजे बलवान राजासमोर ठेवलेल्या नजराण्यात मागणी दडलेली असते. आउग्सबुर्गच्या नगरसेवकांनाही राजाकडून हवं होतंच : आमची नगरसभा राहू दे, शहर लुटू नको. म्हणून माझं मत 'नजराणा'. देणाऱ्याला भीतीही आहे आणि अपेक्षाही. आहेरात भीती नसते, खंडणीत अपेक्षा नसते.

कुंदाताई

रायगडवाट, शेवटची दोन वाक्यं पटली. तरी आहेरात भीती नसते असं म्हणणाऱ्याने आमच्याकडचं एखादं लग्न बघावं.

मेघना_उप्साला

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवलं. गोदाकाठ, तुमच्या आजोबांचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं.

आम्ही रविवारी पुन्हा गेलो. या वेळी मी राजाचा विचार बाजूला ठेवून नुसती कामं बघितली, रंधा_पटाशींमुळे. वाद्य करणारा, कुलपं करणारा, चांदीवाला, दगड घासणारा, चित्रकार. एका माणसाचं हे कामच नाही. त्यांना काय मिळालं, ते कसे दिसत, याचा विचार डोक्यातून जाईना. आउग्सबुर्गकर, याबद्दल काही माहिती आहे का?

आउग्सबुर्गकर

मेघना, आहे आणि सांगायला फार आनंद होतोय. हाइनहोफरने याआधी असंच एक कपाट पोमेरानियाच्या ड्यूकसाठी करवून घेतलं होतं, १६१७ मध्ये पोचतं केलं. त्याचा मुख्य सुतार उलरिख बाउमगार्टनर. ते कपाट बर्लिनला होतं आणि दुसऱ्या महायुद्धात नष्ट झालं, आतल्या वस्तू तेवढ्या वाचल्या. पण त्याच काळात आंटोन मोत्सार्ट नावाच्या इथल्या चित्रकाराने एक छोटं चित्र काढलं होतं : ड्यूकपुढे कपाट ठेवलं आहे आणि ते घडवणारे सगळे कारागीर समोर दाटीवाटीने उभे आहेत. ते चित्र बर्लिनच्या कलाकारागिरीच्या संग्रहालयात आहे. मी बघितलंय. कपाट गेलं, माणसं राहिली.

रंधा_पटाशी

बर्लिनला कसं जायचं ते कोणीतरी व्यक्तिगत निरोपात कळवा. मला तो बाउमगार्टनर बघायचाय.

मेघना_उप्साला

रंधा_पटाशी, आधी उप्सालाला या, पुढचं आपण ठरवू. ६ नोव्हेंबरच्या आसपास आलात तर राजाच्या मृत्यूच्या तारखेला इथे त्याचा मुखवटा लावलेला केक मिळतो, तो खाऊ घालीन.

माझा कौल : कपाट नगरसेवकांच्या बाजूने आहेर, शहराच्या बाजूने नजराणा. कॅथलिक घरांपुरतं गोदाकाठच्या आजोबांचं 'वसुली'.

आणि एक बातमी. आईने सांगलीला मावशीला फोन केला. मावशी आज माळ्यावरच्या फडताळात शोधायला बसली आणि जुन्या बाळगुटीच्या डब्यात तिला काळा, दगडासारखा टणक तुकडा सापडला, एका बाजूने झिजून गुळगुळीत झालेला. मालवणी_वारो, तो दर्याई नारळच आहे हे कसं ओळखायचं?

मालवणी_वारो

मावशीक सांग, बाहेरून काळी करवंटी आणि आत हस्तिदंतासारखो पांढरट टणक गर असलो तर तोच. उगाळल्यावर दुधासारखं पाणी सुटतं, वास जवळजवळ नसतो. आता औषध म्हणून कोणाक देऊ नको, आणि विकूही नको, त्याच्या व्यापारावर सेशेल्सची कडक बंधनं आहेत. झिजलेल्या बाजूचो फोटो मात्र आमका पाठव.

मेघना_उप्साला

मावशी म्हणते पांढरट आहे. फोटो उद्या, तिचा नातू क्लासहून आला की.